इरावतीबाई : कवटीपासून कर्णापर्यंत

थोर मराठी व्यक्तीचे चरित्र पुण्यात, कोकणात अथवा वऱ्हाडात सुरू व्हावे, अशी आपली एक सवय होऊन गेली आहे. डॉ. इरावतीबाई कर्वे यांचे चरित्र ब्रह्मदेशात सुरू होते. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर हे तेथील एका कापूस कंपनीत अभियंता होते. १५ डिसेंबर १९०५ रोजी मिंजान या गावी त्यांना कन्यारत्न झाले. ज्या महानदीच्या काठी हे गाव वसले आहे तिचेच नाव त्यांनी मुलीला दिले. पोटासाठी मुलूख सोडून गेलेल्या एका मराठी कुटुंबाने परक्या भूमीवर केलेल्या प्रेमाची ती खूण होय. आपल्या मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात इरावतीबाईंचे स्मरण करावे असे आम्हास वाटले, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. परमुलखात राहणाऱ्या आपणा सर्वांच्या घरी एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. येथे जन्मलेल्या, येथल्या भाषेत खेळणाऱ्या आपल्या मुलांमध्ये आपले असे नेमके काय उतरले आहे? रक्तातून काय येते, घरातून काय येते, आणि मनुष्य स्वतः काय घडवतो? इरावतीबाईंनी हा प्रश्न घरगुती चर्चेवर सोडला नाही. त्यांनी तो मोजपट्टी, हाडे, वंशावळी आणि महाभारत घेऊन चाळीस वर्षे तपासला.

वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठविण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली. शकुंतलाबाई पुढे संततिनियमनाच्या कार्यामुळे प्रसिद्धीस आल्या. त्यांचे वडील रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिजला गणितात पहिले आलेले पहिले भारतीय, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य आणि उघड नास्तिक. रँग्लरांच्या पत्नी सईताई यांनी या ब्रह्मदेशी मुलीला आपल्या घरी आणले आणि दुसरी कन्या मानून वाढविले. ग्रंथांनी भरलेले ते घर होते. तेथे वाद घालणे हे उद्धटपणाचे मानले जात नसे. न्यायाधीश बालकराम यांच्यासारख्या तेथे येणाऱ्या मंडळींकडून मानवशास्त्र नावाचे एक शास्त्र असते, हे इरावतीबाईंना प्रथम कळले. जन्माने करमरकर, वाढीने परांजपे आणि पुढे विवाहाने कर्वे, अशी तीन घरे त्यांच्या वाट्याला आली. यांपैकी त्यांच्या स्वभावात कोणाचा वाटा किती, हे सांगण्याचे साहस आम्ही करणार नाही. त्यांनाही असले हिशेब मांडणाऱ्यांविषयी फारसा आदर नसावा, असे त्यांचे ग्रंथ वाचून वाटते.

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. त्यानंतर दक्षिणा फेलोशिप घेऊन मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. १९२८ च्या एम.ए. पदवीसाठी त्यांनी चित्पावन ब्राह्मण हा विषय निवडला. म्हणजे संशोधनाची पहिली सुरी त्यांनी स्वतःच्याच जातीवर चालविली. याच सुमारास महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वडिलांची इच्छा मुलगी एखाद्या संस्थानिकाच्या घरी पडावी अशी होती. ती या विवाहाने फळास आली नाही.

आणि लगोलग जर्मनीचा विषय निघाला. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले. पत्नीने तेथे जाऊन डॉक्टर व्हावे असे त्यांना मनापासून वाटे. महर्षींना मात्र हा बेत पसंत नव्हता. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांनीच सुनेच्या परदेशगमनास नापसंती दाखवावी, ही गोष्ट चरित्रकारांनी झाकून ठेवण्यासारखी नाही. सार्वजनिक मत आणि घरचे मत यांत थोर पुरुषांच्या बाबतीतही अंतर पडते. अखेर जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. हेच जीवराजभाई पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्या कर्जावर १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला निघाल्या. वय तेवीस वर्षे.

बर्लिनच्या दालेम या उपनगरात १९२७ साली एक नवी संस्था उघडली होती. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठीची ही कैसर विल्हेल्म संस्था होय. तिचे संचालक प्राध्यापक ऑयगेन फिशर हे त्या काळी या शास्त्रातील युरोपातले मोठे नाव. त्यांच्या मोठेपणाचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे, त्यावाचून पुढील प्रसंगाचे वजन कळणार नाही. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने मटारच्या झाडांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ते पस्तीस वर्षे धूळ खात पडले आणि १९०० साली पुन्हा उजेडात आले. फिशर यांनी हे नियम माणसांना लावण्याचा उद्योग केला. १९०८ मध्ये ते नैर्ऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीत गेले. तेथील बोअर पुरुष व स्थानिक स्त्रिया यांच्या मिश्र संततीचा अभ्यास करून त्यांनी १९१३ मध्ये ग्रंथ लिहिला. केसांचा कुरळेपणा, डोळ्यांचा रंग यांपर्यंत बोलणे ठीक होते. पण तेथून पुढे उडी मारून बुद्धी, विवेक, कर्तबगारी हेही मटाराच्या सुरकुतीप्रमाणे पिढ्यान्पिढ्या वंशातून उतरते, आणि त्यात गोरा वंश वरचढ, असे सिद्धांत मांडले जाऊ लागले. प्रयोगशाळेतील खरे ज्ञान आणि मनातील जुना ताठा यांची अशी बेमालूम भेसळ झाली, की भल्या भल्या विद्वानांना ती ओळखू येईना.

फिशर यांनी इरावतीबाईंना दिलेला विषय होता मानवी कवटीची असमानता. आपल्या प्रत्येकाच्या कवटीच्या डाव्या व उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. गुरुजींची अटकळ अशी होती, की युरोपीय मनुष्य अधिक तर्कनिष्ठ असल्यामुळे त्याच्या मेंदूचा पुढील भाग एका बाजूस अधिक वाढलेला असणार, सबब त्याची कवटी इतर वंशीयांच्या कवटीपेक्षा अधिक विषम असणार. विद्यार्थिनीने ते मोजून दाखवावयाचे होते. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या हाती घेतल्या. त्यांत युरोपीय होत्या, आणि आफ्रिकेतील जर्मन वसाहतींमधून आणलेल्याही होत्या. या दुसऱ्या कवट्या कोणाच्या, त्यांच्या आप्तांना विचारून आणल्या होत्या काय, हे प्रश्न त्या काळी संग्रहालयांत कोणी विचारीत नसे. आज ते विचारले जातात, आणि ते योग्यच आहे. ब्रह्मदेशात जन्मलेली, पुण्यात वाढलेली, एका वसाहतीची प्रजा असलेली तरुणी दुसऱ्या वसाहतीतील अनाम मृतांची डोकी कंपासाने मोजीत बसली आहे, आणि त्या मोजणीतून तिचा स्वतःचा वंशही हीन ठरावयाचा आहे, हे चित्र आम्हास फार अस्वस्थ करते.

मोजणी संपली तेव्हा आकड्यांनी गुरूची साथ दिली नाही. असमानता सर्वच मानवसमूहांत आढळली, आणि तिचा वंशाशी काही संबंध जुळेना. अशा वेळी परदेशी, कर्जबाजारी, परक्या भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थिनीपुढे सोपे मार्ग पुष्कळ असतात. निष्कर्ष गुळमुळीत ठेवता येतो, चार गैरसोयीच्या कवट्या बाजूला काढता येतात. इरावतीबाईंनी जे आढळले तेच लिहिले. मार्गदर्शकांनी गुण देताना हात आखडता घेतला, पण पदवी नाकारता आली नाही. १९३० मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या.

त्या संस्थेचे पुढे काय झाले तेही येथेच सांगून टाकतो. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्या जुलैमध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधील मिश्रवंशीय मुलांवर गुप्तपणे जी निर्बीजीकरणे झाली त्यांसाठी वंशशास्त्रीय अभिप्राय या संस्थेतील तज्ज्ञांनी, स्वतः फिशर यांनीही, दिले. १९४२ मध्ये फिशर निवृत्त झाल्यावर ओटमार फॉन फेरशूअर संचालक झाले, आणि आउशवित्झ छावणीतला कुप्रसिद्ध डॉक्टर मेंगेले हा त्यांचाच जुना साहाय्यक. कवटीच्या मापात चूक झाली तर जगाचे काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास वाचावा. फिशर यांना काहीही शिक्षा झाली नाही. १९६७ साली ते वृद्धापकाळाने वारले. त्याच वर्षी पुण्यात त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचे ‘युगान्त’ प्रसिद्ध झाले.

पण ती फार पुढची गोष्ट. १९३१ ते १९३६ इरावतीबाई महिला विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. कारकुनी कामात त्यांचा जीव रमला नाही. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. घर चालविणे, जाई, आनंद व गौरी ही तीन मुले वाढविणे आणि संशोधन हे सर्व त्यांनी एकाच काळात केले. दिनकररावांना त्या नावाने हाक मारीत, कुंकू व मंगळसूत्र त्या वापरीत नसत, आणि पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालविणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. या गोष्टींचीच चर्चा पुणेकरांनी अधिक केली. त्यांच्या ग्रंथांची तेवढी केली असती तर बरे झाले असते.

डेक्कन कॉलेजात त्यांना पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया यांचे साहचर्य लाभले. १९४४ मध्ये गुजरातेतील लांघणज येथील उत्खननात लघुअश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले, त्या कामात इरावतीबाई सहभागी होत्या. बर्लिनमध्ये त्यांनी कपाटातील हाडे पाहिली होती. आता मातीत, आपल्या जागी, कुशीवर पाय दुमडून निजविलेला मनुष्य त्यांनी पाहिला. मेलेल्याला काळजीपूर्वक पुरणारी ती माणसे होती. १९४७ मध्ये दिल्लीस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष झाल्या.

जातीविषयीचे त्यांचे काम हा या चरित्राचा गाभा आहे. ब्रिटिश अमदानीत हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने नाकांची मापे घेऊन असा सिद्धांत मांडला होता, की नाक जितके रुंद तितकी त्या जातीची सामाजिक पायरी खालची. १९०१ च्या जनगणनेचा हा प्रमुख अधिकारी. त्याच्या मताला सरकारी शिक्का बसला आणि आपल्याकडील उच्चवर्णीयांपैकी अनेकांना ते मत गोडही वाटले. डॉ. घुर्ये यांनी रिस्ले यांच्यावर टीका केली. मात्र मूळ एक समाज फुटून त्याच्या जाती व पोटजाती होत गेल्या, ही त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी महाराष्ट्रभर हिंडून हजारो माणसांची मापे घेतली, रक्तगट तपासले, कुळे व देवके लिहून काढली. त्यांना चित्र निराळे दिसले. चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ ऋग्वेदी, माध्यंदिन या सर्वांना आपण ब्राह्मण या एका नावाने ओळखतो. पण शरीराच्या मापांत ते एका घराण्याची पाती दिसत नाहीत. काही बाबतींत ब्राह्मण-ब्राह्मणांतले अंतर ब्राह्मण व अब्राह्मण यांच्यातील अंतराहून कमी भरत नाही. कुंभारांच्या निरनिराळ्या जातींचीही तीच कथा. म्हणजे एका झाडाच्या फांद्या होऊन जाती झाल्या नाहीत. निरनिराळी रोपटी एका वाफ्यात येऊन उभी राहिली आणि त्यांना धंद्यावरून व वर्णावरून एक नाव मिळाले. आपसातच लग्न करणारा प्रत्येक लहान गट हाच त्यांच्या मते खरा घटक होय, तो विस्तारलेल्या नात्याचा एक गोतावळा असतो. ‘हिंदू समाज’ या विषयावरील १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात हा विचार सविस्तर आला. आठ ब्राह्मण गटांच्या तुलनेचा कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह लिहिलेला शोधनिबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. गुरूच्या मताविरुद्ध आकडे गेले तर आकडे ठेवावयाचे, ही बर्लिनची सवय मुंबईच्या गुरूंच्या बाबतीतही सुटली नाही.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट बोलू इच्छितो. फिशर यांचा निष्कर्ष इरावतीबाईंनी टाकला, पण त्यांचे कंपास टाकले नाहीत. शरीर मोजून समाजाचा इतिहास कळेल हा विश्वास त्यांनी आयुष्यभर बाळगला, आणि आजचे अभ्यासक त्यावर जी टीका करतात ती निराधार नाही. डोक्याची लांबी-रुंदी ही आहाराने व परिस्थितीनेही बदलते. वंशाचा तो भरवशाचा साक्षीदार नव्हे. त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी जनुकांच्या तपासणीची नवी साधने आली. हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राची प्रयोगशाळा आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञ यांनी २०१३ मध्ये ७३ भारतीय समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते, आणि त्यानंतर आपापल्या गटातच विवाह करण्याची कुंपणे बळकट झाली, असे त्यातून दिसते. लहान विवाहगट हाच खरा घटक, हे इरावतीबाईंचे म्हणणे त्यामुळे अधिकच विचारार्ह ठरते. आपल्या जातीचे शुद्ध रक्त सृष्टीच्या आरंभापासून वाहत आले आहे, या समजुतीला मात्र त्यात कोठेच आधार नाही.

१९५३ मध्ये त्यांचा नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो लिहिताना काही काळ त्या लंडन विद्यापीठात होत्या. आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी कुटुंबांना हा ग्रंथ घरच्यासारखा वाटेल. उत्तरेत मुलगी परगावी द्यावयाची, आणि जवळच्या रक्ताच्या नात्यात विवाह म्हणजे महापाप. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी, काही ठिकाणी थोरल्या बहिणीची मुलगी हीच पहिली पसंती. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही. जुन्या घरांतील सुना सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत. सासर हे मामाचे वा आत्याचे घर असे, त्या काळाची खूण या दोन शब्दांत राहून गेली आहे. आमच्यापैकी जे उत्तर हिंदुस्थानात राहिले आहेत त्यांनी, मामेबहिणीशी झालेल्या लग्नाची हकीगत शेजाऱ्यांना सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला धक्का पाहिला असेल. दक्षिणेतील शेजाऱ्यांना उलट आपण एवढे नियम का पाळतो याचे नवल वाटते. ज्याला आपण रक्ताची हाक म्हणतो तीही मुलखागणिक वेगळी ऐकू येते, हे इरावतीबाईंनी देशभराच्या भटकंतीतून दाखवून दिले. कूर्ग, मलबार, ओरिसा, खानदेशातील भिल्लांचे पाडे, कोठेही त्या गेल्या. मिळेल त्या वाहनाने जावे, मिळेल तेथे पथारी पसरावी.

इकडे मराठीत त्या ललित निबंध लिहीत होत्या. १९४९ मध्ये ‘परिपूर्ती’ आणि १९६० मध्ये ‘भोवरा’ हे संग्रह निघाले. ‘परिपूर्ती’ या लेखात एका समारंभात त्यांची ओळख कोणाची सून, कोणाची पत्नी अशी करून दिली जाते. त्यांना काहीतरी अपुरे वाटत राहते. मग रस्त्यात पोरे त्यांना आपल्या सोबत्याची आई म्हणून ओळखतात आणि ओळख पूर्ण होते. हे सारे थट्टेने लिहिलेले आहे, पण मनुष्याची ओळख नात्यातून होते की कर्तृत्वातून, हा त्यांच्या शास्त्रातलाच प्रश्न तेथे लुगडे नेसून आला आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरला चालत गेल्या. त्या वारीवरील त्यांच्या लेखाचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये आशियाविषयक एका अमेरिकन नियतकालिकात आले. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांनी त्या वाटेवर केली. आणि एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या दिंड्या जेवायला मात्र जातवार बसतात, हेही त्यांनी तितक्याच स्वच्छपणे लिहिले. भक्तिभावाने त्यांचे डोळे मिटले नाहीत.

‘युगान्त’ हा त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराचा मुक्काम होय. त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची संशोधित आवृत्ती त्यांनी प्रमाण धरली, मागाहून चिकटलेल्या कथा बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या माणसांकडे पाहिले. महाभारत हा एका वंशाचा इतिहास आहे असे आपण म्हणतो. पण रक्ताने पाहू गेल्यास गंमत अशी, की धृतराष्ट्र व पांडू हे सत्यवतीला पराशरापासून झालेल्या व्यासांचे पुत्र. पांडव तर पांडूचेही नव्हेत. शंतनूचे रक्त ज्याच्या अंगात होते तो एकटा भीष्म, आणि त्याने विवाहच केला नाही. म्हणजे ज्या कुरुवंशासाठी अठरा अक्षौहिणी सैन्य मेले, तो वंश रक्ताने केव्हाच संपला होता. उरला होता तो हक्क, नाव आणि अभिमान. वंश ही वस्तू किती कागदी असू शकते याचे याहून मोठे उदाहरण आम्हास तरी ठाऊक नाही.

भीष्मावरील लेखात त्यांनी त्या पूज्य पितामहाला जाब विचारला आहे. एका प्रतिज्ञेपायी अंबा, गांधारी, कुंती या परक्या मुलींची आयुष्ये त्याने कशी होरपळली, आणि म्हातारपणी सेनापतिपद कशासाठी घेतले, हे प्रश्न ऐकून अनेक श्रद्धाळू वाचक दुखावले. दुसऱ्या एका लेखात विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा काय, हा प्रश्न त्यांनी पुरावे मांडून विचारला. परधर्म भयावह आहे या सूत्राखाली त्यांनी द्रोण व अश्वत्थामा यांची कथा सांगितली, ब्राह्मण असून शस्त्रावर जगणाऱ्या बापलेकांची. त्या लेखाशी आम्ही पूर्णपणे सहमत नाही. जन्माने नेमून दिलेले काम सोडल्यामुळे अनर्थ झाला, असा सूर त्यातून निघतो, आणि दालेममध्ये जन्माचा दाखला नाकारणाऱ्या लेखणीतून तो थोडा खटकतो. पण इरावतीबाई कोणा एका पक्षाच्या वकील नव्हत्या. त्या काळचा समाज जसा दिसला तसा त्यांनी मांडला.

कर्णाच्या बाबतीत त्यांची खरी कसोटी लागली. मराठी मनाला कर्ण फार जवळचा. जन्माने डावलला गेलेला, दानशूर, अन्यायाचा बळी. ज्या बाईने वंशश्रेष्ठतेचा सिद्धांत आकड्यांनी खोडला तिने कर्णाची बाजू उचलून धरावी, असेच कोणीही म्हणेल. इरावतीबाईंनी कर्णाचे दुःख खरे मानले. मी कोण, हा प्रश्न त्याला जन्मभर पोखरीत राहिला, आणि त्याचे उत्तर कृष्णाने व कुंतीने दिले तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता. परंतु द्यूतसभेतील त्याचे वर्तन त्यांनी त्या दुःखाखाली झाकले नाही. अधिरथ व राधा यांनी त्याला पोटच्या मुलासारखे वाढविले. विदुराचाही जन्म दासीच्या पोटचा, पण विदुराने आपली पायरी ओळखून शांतपणे आयुष्य काढले. कर्णाला क्षत्रियत्व हवे होते, आणि त्या हव्यासात त्याचे पाऊल घसरले. जन्माने मनुष्य हीन ठरत नाही हे खरे, मग जन्माची सबब पुढे करून त्याच्या कृत्यांतूनही त्याची सुटका होत नाही. कवटीवरून स्वभाव ठरवू नये म्हणणारी आणि कर्णाला त्याच्या कृत्यांचा हिशेब मागणारी इरावतीबाई एकच आहेत, हे हा लेख पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात आले.

अखेरच्या वर्षांतही कामाचा वेग मंदावला नाही. १९६८ मध्ये महाराष्ट्राची भूमी व लोक यांवरील इंग्रजी पुस्तक आले. १९६९ मध्ये, कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली, कोयना धरणाने उठविलेल्या गावांची पाहणी प्रसिद्ध झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात इरावतीबाई निवर्तल्या. वयाची पासष्टी पूर्ण व्हावयास चार महिने होते. १९७२ मध्ये ‘गंगाजल’ हा निबंधसंग्रह त्यांच्या पश्चात आला. बर्लिनमधील ती इमारत उभी आहे. तेथे आता स्वतंत्र विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग भरतो, आणि त्या जागी काय चालले होते हे सांगणारा फलक १९८८ पासून भिंतीवर आहे.

‘युगान्त’ इरावतीबाईंनी स्वतःच इंग्रजीतही लिहिले. ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मुलांपैकी ज्यांना देवनागरी वाचताना अडखळायला होते त्यांच्यासाठी ते आहे. वडील मंडळींनी मराठी व मुलांनी इंग्रजी, असे एकाच सुटीत वाचावे. आरंभ कर्णापासून केला तरी चालेल. घरात वाद व्हावयाचा तो तेथेच होईल.